चार मागांचे घर

वाचकहो, इचलकरंजीला 'महाराष्ट्राचे मँचेस्टर' म्हणतात. पण तिथे मोठी धुराडी शोधायला गेलात तर फसाल. इथली गिरणी घराच्या पडवीत वाढली. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, जहागीरदार नारायणराव घोरपडे यांनी उद्योगाला हात दिला, हे तुम्ही ऐकलेच असेल. खरी वाढ झाली ती स्वातंत्र्यानंतर.

हातमाग वाचावा म्हणून सरकारने १९५२ मध्ये गिरण्यांच्या धोतर विणण्यावर मर्यादा घातली. १९५६ च्या धोरणाने गिरण्यांना नवे माग वाढवणे अवघड केले. मोकळी झालेली जागा हातमागाला मिळाली थोडीच! ती यंत्रमागाने घेतली. लहान कारखान्याला अबकारी करात सूट होती. मग काय, थोडे माग बापाच्या नावे, थोडे थोरल्याच्या, थोडे सुनेच्या. कागदावर घर फुटले, चूल एकच राहिली. बापाने माग दुरुस्त करायचा, पोराने चालवायचा, घरच्या बायकांनी कांड्या भरायच्या. त्या बायकांची मजुरी कुठल्या वहीत लिहिली गेली, हे कुणीतरी विचारायला हवे होते. पुढे जानेवारी १९८२ मध्ये मुंबईचा गिरणी संप सुरू झाला आणि तिकडचे विणकाम आणखी यंत्रमागांकडे वळले.

एवढे होऊनही सूत आणि बाजार बहुतेक घरांच्या हाती आलेच नाहीत. सूत व्यापाऱ्याचे, कापडही त्याचेच. मागवाल्याला मिळते ती पिकावर मजुरी. (हे पीक शेतातले नव्हे, कापडातला आडवा धागा!) अशा मागवाल्याला तिथे 'खर्चीवाला' म्हणतात. भाव एकाने ठरवायचा आणि राबायचे दुसऱ्याने, हे दुखणे विदर्भ-खानदेशच्या कापूसवाल्याला वेगळे सांगायला नको. या दोघांना जोडायलाच सहकारी सूतगिरण्या निघाल्या. त्यातल्या कितीतरी बंद पडल्या, कर्जे तेवढी राहिली.

आता साधे माग भंगारात जाताहेत. नव्या शटललेस मागाची किंमत चार मागांच्या घराला झेपत नाही. सरकारदरबारी बोलणे होते ते वीजदराच्या सवलतीचे. सवलत हवीच, पण स्वस्त विजेवर दुसऱ्याचेच सूत विणायचे असेल तर घरात काय उरणार? पुढारी दारात येतील तेव्हा तुम्ही एवढे विचारा: खर्चीवाल्यांच्या संस्थेला सूतगिरणीतून थेट, उधारीवर सूत कधी मिळणार?