टाइमशीटमध्ये न मावणारा शनिवार

साप्ताहिक सदर : घाम आणि दाम

श्रमविषयक प्रश्नांवर आठवड्याच्या आठवड्याला लिहिणाऱ्या माणसाकडे जी पत्रे येतात आणि जी माणसे भेटीस येतात, त्यांच्या कैफियतींत अलीकडे एक विलक्षण साम्य मला आढळू लागले आहे. पगार थकला, नोटीस न देता कामावरून काढले, भविष्यनिर्वाह निधीची रक्कम कापली पण भरलीच नाही, या जुन्या तक्रारी संपल्या आहेत असे अर्थातच नाही. परंतु त्यांच्या जोडीला, विशेषेकरून सुशिक्षित पगारदार वर्गातून, आता निराळीच एक तक्रार ऐकू येते, ती अशी की शनिवार-रविवार घालवून, सणावारी घरच्यांचा रोष पत्करून, रात्री अकरा-अकरा वाजेपर्यंत राबूनही साहेबांना त्याची काडीची कदर नाही. हे सांगताना सांगणाऱ्याचा आवाज जड होतो, कारण त्याची अपेक्षा फार थोडी असते. कोणी दोन शब्द बरे बोलावेत, एवढीच. या दुःखाबद्दल मला मनापासून सहानुभूती आहे. तथापि माझे स्पष्ट मत असे आहे की मालकाच्या कौतुकाची वाट पाहण्यात या वर्गाने आपली फार वर्षे दवडली. जे त्याच्या हक्काचे आहे ते कौतुकाहून पुष्कळ रोकडे आहे, आणि ते कोणत्याही दप्तरात नमूदच होत नाही.

हे नमूद न होणे कसे घडते ते हिंजवडीतील एका संगणक कंपनीत नोकरीस असलेल्या माझ्या परिचयातील तरुणाने मला आपला लॅपटॉप उघडून दाखवले. दर शुक्रवारी त्याला टाइमशीट भरावी लागते. डावीकडे प्रकल्पांचे सांकेतिक क्रमांक, वर आठवड्याचे वार, आणि प्रत्येक वाराखाली एक छोटी चौकट. बुधवारी तो सकाळी साडेनऊला बसला होता आणि रात्री साडेदहाला उठला होता, म्हणून त्याने बुधवारच्या चौकटीत 13 हा आकडा घातला. तत्क्षणी चौकट लाल झाली आणि नऊपेक्षा अधिक तास स्वीकारले जाणार नाहीत अशी सूचना उमटली. त्याने 13 खोडून 9 केले, चौकट हिरवी झाली. शनिवार आणि रविवार यांच्या चौकटी तर मुळातच राखाडी होत्या. तेथे कर्सर नेला तरी काही लिहिता येत नव्हते. ज्या शनिवारी रिलीज आहे म्हणून हा मुलगा घरातल्या जेवणाच्या टेबलाशी दिवसभर कॉलवर होता, आणि त्याची आई त्याच्यापुढे ताट ठेवून दोनदा ते परत उचलून घेऊन गेली होती, तो शनिवार कंपनीच्या दप्तरापुरता अस्तित्वातच नव्हता.

या लहानशा चौकटीचे परिणाम फार दूरवर पोहोचतात. पुढच्या प्रकल्पाची बोली लावताना मागच्या प्रकल्पाला किती माणसे आणि किती तास लागले हे याच टाइमशीटांवरून काढले जाते. तेथे पाच माणसांचे आठवड्याला प्रत्येकी 45 तास एवढाच हिशेब दिसतो, आणि वस्तुतः ज्या कामाला सात माणसे हवी होती ते काम पाच माणसांत होते असा समज पक्का होऊन त्याच आकड्यांवर गिऱ्हाइकाला शब्द दिला जातो. ग्राहकाला भाव कमी पडला, कंपनीला करार मिळाला, व्यवस्थापकाला बढती मिळाली. आणि या तिघांच्याही लाभाची रक्कम ज्याच्या शनिवारांतून वळती झाली, त्याचे शनिवार पुढल्या खेपेस मागण्याचीसुद्धा गरज उरली नाही, कारण ते आधीच गृहीत धरलेले होते. ज्या वस्तूसाठी छदामही मोजावा लागत नाही तिचे मोल मोजणाऱ्याच्या ध्यानात राहत नाही, मग तो स्वभावाने कितीही सज्जन असो. म्हणूनच कृतघ्न साहेबाच्या जागी कृतज्ञ साहेब आणून हा प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. कृतज्ञ साहेब सोमवारी गोड शब्दांत आभार मानील, आणि बोली त्याच आकड्यांवर लावील.

ज्या भूमीत आपण राहतो तेथे रविवार कसा मिळाला याची आठवण या ठिकाणी करणे मला आवश्यक वाटते, कारण तो कोणाच्या औदार्याने मिळालेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या कापडगिरण्या सूर्योदयाला सुरू होत आणि सूर्यास्ताला थांबत. दिवस मोठा असेल तितके काम मोठे. वर्षात ज्या सुट्या मिळत त्या सणासुदीच्या, आणि एरवी काम थांबे त्या दिवशीही यंत्रे पुसण्यासाठी हजर राहावे लागे. महात्मा फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 च्या सप्टेंबरात परळला कामगारांची सभा भरवली आणि सुमारे 5,500 कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. त्या अर्जातील मागण्या आज वाचताना मन थक्क होते, इतक्या त्या साध्या आहेत: रविवारी पूर्ण सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद व्हावे, पगार पुढील महिन्याच्या 15 तारखेच्या आत मिळावा, आणि काम करताना जायबंदी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे. कृपा करा असे त्यात कोठेही नाही. किती वाजता, किती दिवस, कोणत्या तारखेला, हे त्यात आहे.

मागणी मान्य होण्यास सहा वर्षे लागली. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार गिरणी कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री कामगारांनी भाषणे केली, ही गोष्ट त्या काळाचा विचार करता मला फार मोठी वाटते. 10 जून 1890 रोजी मालकांच्या संघाने रविवारची साप्ताहिक सुटी मान्य केली आणि पुढल्याच वर्षीच्या कायद्याने साप्ताहिक सुटीचे तत्त्व स्वीकारले. लोखंडे यांना त्यानंतर फार आयुष्य लाभले नाही. 1897 च्या फेब्रुवारीत, मुंबईत प्लेगने थैमान घातले असताना, ते त्याच रोगाने गेले. रविवार हा जेजुरीच्या खंडोबाचा वार, तो बहुजन कामगाराला देवासाठी आणि समाजकार्यासाठी मोकळा हवा, असे ते सांगत, असे म्हणतात. ते काही असो. रविवारच्या सकाळी मटणाच्या दुकानापुढे रांगेत उभा राहणारा मराठी माणूस लोखंड्यांचे नाव क्वचितच घेतो, आणि शाळेच्या पाठ्यपुस्तकांनी त्यांना आणखी चार पाने द्यावयास हवी होती, असे मला नेहमी वाटत आले आहे.

त्यानंतरचा इतिहास हा तासातासाने मागे रेटलेल्या घड्याळाचा आहे. 1922 च्या कायद्याने आठवड्याला 60 तासांची मर्यादा घातली, 1934 च्या कायद्याने ती बारमाही कारखान्यांत 54 वर आणली, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद असताना तयार झालेल्या 1946 च्या दुरुस्तीने ती 48 झाली. या सर्व काळात मालकाच्या हातीही एक हिशेब होताच. मुंबईच्या कित्येक गिरण्यांत दुहेरी खाड्याचा शिरस्ता होता. म्हणजे विनापरवानगी एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. कामगाराने न दिलेला दिवस मालक दुपटीने वसूल करी, तर कामगाराने अधिक दिलेला तास मालकाने दुपटीने का फेडू नये, हा प्रश्न न्यायाच्या दृष्टीने अगदी सरळ होता, आणि 1948 च्या कारखाना अधिनियमाने त्याला तितकेच सरळ उत्तर दिले: दिवसाला 9 आणि आठवड्याला 48 तासांवर जे काम होईल, त्याला मजुरी दुप्पट.

आता कोणी म्हणेल, हे गिरणीचे झाले, कचेरीत बसणाऱ्याचे काय? कचेरीत बसणाऱ्यासाठीही कायदा आहे, आणि तो आपल्याला लागू आहे हेच त्याला माहीत नसते, किंबहुना आपण कामगार आहोत हे ऐकायलाही त्याला जड जाते. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात कामगाराच्या व्याख्येत अंगमेहनतीच्या कामाबरोबर कुशल, तांत्रिक आणि कारकुनी कामही स्पष्टपणे धरलेले आहे. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत दिवसाला 9 व आठवड्याला 48 तासांची मर्यादा, आणि त्यावरील कामाला दुप्पट दर, अशी त्याची मूळ तरतूद होती. वगळलेले आहेत ते गोपनीय, व्यवस्थापकीय अथवा देखरेखीच्या स्वरूपाच्या पदावरील लोक, आणि अशा पदांची यादी आस्थापनेने आपल्या संकेतस्थळावर, ते नसल्यास दर्शनी जागी, लावावी असेही त्यात म्हटले आहे. ती यादी आपल्या कचेरीत पाहिलेला एकही मनुष्य मला अद्याप भेटलेला नाही. मात्र चोविसाव्या वर्षी ‘असिस्टंट मॅनेजर’ झालेली, ज्यांच्या हाताखाली एकही माणूस नाही अशी मुले-मुली मला पुष्कळ भेटली आहेत.

2024 साली पुण्यात एका बड्या लेखापरीक्षण कंपनीत नुकत्याच रुजू झालेल्या मुलीच्या मृत्यूनंतर तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले. अतिरिक्त कामाच्या ओझ्याबद्दल त्या माउलीने त्यात जे लिहिले होते ते वाचून अनेकांचे डोळे पाणावले. कामगार खात्याने नंतर पाहणी केली, तेव्हा त्या कार्यालयाने 2007 पासून दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंदणीच केलेली नव्हती असे निष्पन्न झाले. मृत्यूचे कारण ठरविण्याचा अधिकार माझा नाही. परंतु सतरा वर्षे एखादी कचेरी शहरात शेकडो माणसांकडून काम करून घेते आणि तिचे नाव सरकारच्या वहीत नसते, ही गोष्ट केवळ मालकाच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही. त्या सतरा वर्षांत खात्याचा कोणी अधिकारी तेथे गेल्याचे ऐकिवात नाही, आणि आतल्या कोणी साधा अर्ज करून विचारल्याचेही ऐकिवात नाही.

कचेरीच्या दारातील पहारेकऱ्याची स्थिती याहून बिकट आहे आणि ती थोडक्यात सांगता येते: बारा तासांची पाळी, आठवड्याची सुटी म्हणजे बिनपगारी खाडा, आणि रिलीव्हर आला नाही तर त्याच खुर्चीत दुसरी पाळी. त्याने कदर नाही अशी तक्रार केलेली मी कधी ऐकली नाही. तो विचारतो, डबल ड्युटीचे पैसे कधी लागणार. आणि मला त्याचा प्रश्न अधिक निकोप वाटतो.

या पार्श्वभूमीवर उद्योगक्षेत्रातील ज्येष्ठांची वक्तव्ये पाहिली म्हणजे चिंता वाटते. 2023 च्या ऑक्टोबरात एन. आर. नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावे असे सांगताना महायुद्धोत्तर जर्मनी व जपान यांचा दाखला दिला. 2025 च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी 90 तासांची भाषा केली आणि रविवारीही काम करून घेता येत नाही याबद्दल खंत दर्शविली. मूर्ती यांनी स्वतः अपार कष्ट केले हे निर्विवाद आहे. पण ज्याने कंपनी स्थापन केली त्याच्या सत्तराव्या तासाचे फळ त्याच्या भागभांडवलात साठते, आणि पगारदाराच्या सत्तराव्या तासाचे फळही तेथेच साठते, हा भेद त्या उपदेशात हरवतो. ज्या जर्मनीचा दाखला दिला गेला, तेथील श्रमिकाचे वार्षिक कामाचे तास आज प्रगत देशांत सर्वांत कमी आहेत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आठवड्याला 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना, 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी अधिक असतो. राष्ट्र उभारायचे तर ते धडधाकट माणसांच्या बळावरच उभारावे लागेल.

सर्वाधिक खेद मात्र मला आपल्या राज्य शासनाबद्दल वाटतो. याच शासनाने 29 फेब्रुवारी 2020 पासून आपल्या कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा दिला, आणि तो योग्यच होता. परंतु सप्टेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळाने खासगी क्षेत्रासाठी जी मंजुरी दिली तिच्यात कारखान्यांतील दैनिक मर्यादा 9 वरून 12 तासांवर, दुकाने व आस्थापनांतील 9 वरून 10 तासांवर, आणि तीन महिन्यांतील जादा कामाची मर्यादा 144 तासांवर नेण्याची तजवीज होती. उद्योगांना गरजेनुसार लवचीकपणा हवा, आणि कामगाराला जादा कामाचे दुप्पट पैसे मिळतील, असा त्यामागचा युक्तिवाद. मागणीचा हंगाम असतो, निर्यातीची तारीख गाठायची असते, हे मला समजते. पण ज्या कचेऱ्यांत आजचा दहावा तास लिहिताच येत नाही, तेथे त्याचे दुप्पट पैसे कोणत्या नोंदीवरून काढणार?

जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती बंधनकारक राहील, असेही शासनाने सांगितले आहे. ही संमती तो कोणाला देणार? जो त्याची वार्षिक गुणपत्रिका लिहितो, त्यालाच. पुण्या-मुंबईच्या तरुण नोकरदारांनी आणि त्यांच्या संघटनांनी म्हणून आता नेमक्या दोन मागण्या लावून धराव्यात असे मला वाटते. पहिली अशी की प्रत्येक आस्थापनेत प्रत्यक्ष कामाच्या वेळेची नोंद कामगाराने स्वतः करावी, घरून केलेल्या आणि सुटीच्या दिवशी केलेल्या कामासह, आणि आकडा नाकारणारी यंत्रणा हा दंडनीय गुन्हा मानला जावा. आणि दुसरी अशी की संमती नाकारल्यानंतर वर्षभरात ज्याची बढती अडली, बदली झाली किंवा नोकरी गेली, त्याच्या बाबतीत ते या कारणाने घडले नाही हे सिद्ध करण्याचा भार मालकावर टाकणारे कलम कायद्यात घालावे. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क देणारे खासगी विधेयक बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी 2018 च्या हिवाळी अधिवेशनात लोकसभेत मांडले होते. खासगी विधेयके सहसा जेथे अडकतात तेथेच तेही अडकले. या दोन कलमांसाठी दिल्लीकडे पाहत बसण्याचे कारण नाही. तशी तरतूद मुंबईत, विधानभवनात करता येते, आणि प्रत्येक मतदारसंघातला आमदार रविवारी आपल्या संपर्क कार्यालयात भेटतो.

— हजीरनीस