कोर्स 100 टक्के पूर्ण, पण जमलं किती?

ऑनलाइन कोर्सच्या शेवटी ‘100 टक्के पूर्ण’ असं दिसलं की बरं वाटतं. पण तो आकडा फक्त व्हिडिओ संपले एवढंच सांगतो. तुम्हाला काय जमतंय, हे तुम्हालाच तपासावं लागतं. माझं स्पष्ट मत आहे की ज्या कोर्समध्ये स्वतःला तपासायची सोय नाही, तो अर्धाच कोर्स आहे.

आता व्हिडिओ बघूनच एक प्रश्न सोडवा. 80 रुपयांना घेतलेली वस्तू 100 रुपयांना विकली, तर मार्जिन किती? बरेच जण 25 टक्के म्हणतात. 25 टक्के हा खरेदीवरचा नफा. मार्जिन विक्रीवर काढतात, म्हणजे 20 टक्के. व्हिडिओ बघताना हे सगळं सोपं वाटतं. गोंधळ कागदावर उतरवल्यावरच कळतो.

अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली हेच दाखवलं. ज्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, त्यांना आठवडाभराने साधारण 40 टक्के आठवलं. ज्यांनी एकाच सत्रात वाचून, नंतर न बघता पुन्हा पुन्हा आठवून लिहिलं, त्यांना 61 टक्के. गंमत म्हणजे ‘आपल्या लक्षात राहील’ हा विश्वास वाचणाऱ्यांनाच जास्त होता! म्हणून ‘स्वतःला 5 पैकी किती गुण द्याल?’ या प्रश्नाचा मला उपयोग वाटत नाही. विश्वास मोजून काय करायचं? पुरावा मागा.

शटर ओढल्यावर 10 मिनिटं वही घ्या आणि व्हिडिओ न बघता तीन गोष्टी लिहा:

1. आज काय शिकलो? स्वतःच्या शब्दांत.
2. माझ्या दुकानात ते कुठे वापरलं? वस्तू, तारीख, आकडा लिहा.
3. कुठे अडलो?

तिसरं उत्तर सगळ्यात मोलाचं. ‘काही अडलं नाही’ असं रोज येत असेल, तर बहुधा तुम्ही करून बघितलेलंच नाही.

आणि शिकवणाऱ्या मित्रांनो, या वहीला गुण देऊ नका. गुण आले की लोक तुम्हाला आवडेल तेच लिहितात. ती वाचा, आणि जिथे चार जण अडलेत तो व्हिडिओ पुन्हा बनवा.

दुकानदार रोज रात्री गल्ला मोजतो. ‘आज धंदा बरा झाला असेल’ म्हणून कुणी घरी जात नाही. मग शिकण्याचाच हिशोब अंदाजाने का?