वर्षभरानंतरचा खांदा

खांद्याचं ऑपरेशन यशस्वी झालं, असं नेमकं कधी म्हणायचं? बॉस्टनचे सर्जन अर्नेस्ट अमोरी कॉडमन यांनी शंभर वर्षांपूर्वी हा प्रश्न लावून धरला आणि त्यापायी जमलेलं बस्तान मोडून घेतलं. खांद्यातलं फाटलेलं टेंडन शिवण्याबद्दल त्यांनी १९११ मध्ये लिहिलं. आजही फिजिओथेरपिस्ट रुग्णाला वाकवून, हात सैल लोंबता सोडून हलके झोके घ्यायला लावतात, तो व्यायामही कॉडमन यांच्याच नावाने ओळखला जातो. पण त्यांचा खरा ध्यास वेगळा होता. प्रत्येक रुग्णाचं कार्ड ठेवायचं, वर्षभराने त्याला पुन्हा तपासायचं आणि गुण आला नसेल तर का आला नाही, ते त्यावर लिहायचं.

मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये बढत्या ज्येष्ठतेने मिळत. त्या कामाचे परिणाम पाहून मिळाव्यात, हा कॉडमन यांचा हट्ट. १९१४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पुढच्या जानेवारीत डॉक्टरांच्या भरसभेत त्यांनी एक भलंमोठं व्यंगचित्र उलगडलं. वाळूत डोकं खुपसून सोन्याची अंडी देणारा शहामृग म्हणजे बॉस्टनची श्रीमंत वस्ती, आणि अंडी कुणाच्या पदरात पडत होती ते सभागृहाला सांगावं लागलं नाही. गहजब झाला. पुढे त्यांनी आपल्या छोट्या हॉस्पिटलातल्या ३३७ रुग्णांचा हिशेब छापला, त्यात १२३ चुका स्वतःहून मांडल्या. असा सर्जन आजही हुडकावा लागेल.

पुढे दुर्बीण आली, छेद लहान झाले, हाडात रुतणारे अँकर आले. वर्षभरानंतरचं चित्र मात्र चक्रावून टाकणारं निघालं. २००४ मध्ये सेंट लुईसच्या सर्जनांनी मोठी फाट दुर्बिणीतून शिवलेल्या १८ रुग्णांची सोनोग्राफी केली, तर १७ जणांचं टेंडन पुन्हा फाटलेलं! तरीही बहुतेकांचं दुखणं कमी झालं होतं. दुसऱ्या वर्षी हा फायदा थोडा ओसरला, एवढंच. उलट, १९९५ च्या एका अभ्यासात खांद्याची काहीच तक्रार नसलेल्या साठीपुढच्या निम्म्याहून अधिक लोकांच्या एमआरआयवर कमी-अधिक फाट दिसली होती. म्हणजे फिल्म एक सांगते, माणूस दुसरंच.

मग शिवायचंच कशाला? इतकी घाई नको. इजेशिवाय, झिजून पडलेल्या फाटीबाबत फिनलंडच्या अभ्यासात वर्षभराने नुसती फिजिओथेरपी आणि ऑपरेशन यांत लक्षणीय फरक दिसला नाही. नॉर्वेत लहान-मध्यम फाटीच्या १०३ रुग्णांवर दहा वर्षं नजर ठेवली, तेव्हा सुरुवातीला किरकोळ वाटणारा फरक वाढत गेला आणि शिवलेले खांदे सरस ठरले. वर्षाची मुदत घालणारे कॉडमनही इथे थोडे उतावळेच म्हणायचे.

आपण ऑपरेशनच्या कागदावर सही करताना खर्च विचारतो, खोली विचारतो, विम्याचं विचारतो. त्याच बैठकीत डॉक्टरांना आणखी एक विचारा: तुम्ही शिवलेल्या माझ्या वयाच्या, एवढ्याच फाटीच्या रुग्णांचे हात वर्षभराने, पाच वर्षांनी कुठवर उचलले जातात, आणि ते तुम्ही कुठे लिहून ठेवलंय?