शौर्य, वैभव आणि मधली भिंत

ऐतिहासिक स्थळें पाहण्याचा छंद निरुपद्रवी आहे, अशी सुशिक्षितांची समजूत असते. अमेरिकेंत हा छंद कसा चालतो तें पाहिलें म्हणजे ही समजूत टिकत नाहीं. तेथील प्रवासी १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाचीं रणांगणें पाहतो आणि दक्षिणेंतील कापसाच्या व उंसाच्या मळेवाल्यांचे जुने वाडेही पाहतो. एके ठिकाणीं त्यास शौर्य दाखविलें जातें, दुसरे ठिकाणीं वैभव. दक्षिणेचें तें शौर्य ह्या वैभवाच्या रक्षणार्थच खर्ची पडलें, हा दुवा मात्र कैक वर्षें त्यास कोणी सांगितला नाहीं. आणि त्यानेंही विचारला नाहीं.

गेटिसबर्गचेंच पाहा. १८६३ च्या जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत तेथें उभय पक्षांचे मिळून सुमारें ५१,००० लोक ठार, जखमी वा बेपत्ता झाले. तिसऱ्या दिवशीं पिकेटची चाल कोठें मोडली, हें हौसेनें दाखविणारे पुष्कळ भेटतात. त्याच टेकाडावर अब्राहम ब्रायन या स्वतंत्र कृष्णवर्णी शेतकऱ्याचें लहानसें घर आजही उभें आहे. लढाईपूर्वींच त्यास कुटुंबासह पळावें लागलें. कारण सेनापति लीचें सैन्य पेनसिल्व्हेनियांत शिरतांच स्वतंत्र कृष्णवर्णीयांनाही धरून गुलाम म्हणून दक्षिणेंत नेऊं लागलें होतें. त्या सैन्याचा हेतु समजण्यास हें एक घर साऱ्या पुतळ्यांहून अधिक उपयोगी आहे. १९१३ सालीं, लढाईस पन्नास वर्षें झालीं म्हणून, ५०,००० हून अधिक वृद्ध सैनिक तेथें जमले. जुन्या वैऱ्यांनीं हस्तांदोलन केलें, आणि भांडण विसरावें, पराक्रम तेवढा स्मरावा, असा अध्यक्ष विल्सन यांच्या भाषणाचा रोख होता. भांडण कशाबद्दल होतें, हें विसरण्याची सोय अशी सरकारी इतमामानें झाली!

वाड्यांची गोष्ट याहून वाईट. लुइझियानांतील नॉटोवे हा १८५९ त पुरा झालेला अवाढव्य वाडा. त्याच्या मालकाजवळ १५५ गुलाम होते. मागाहून तेथें हॉटेल झालें, लग्नसमारंभ होऊं लागले, आणि २०२५ च्या मेमध्यें तो आगींत नष्ट झाला. त्याच्या खांबांसाठीं हळहळणाऱ्यांची संख्या थोडी नव्हती. ('गॉन विथ द विंड' या १९३९ च्या चित्रपटानें ही हळहळ जगभर स्वस्त करून ठेविली आहे.) त्याच प्रांतांत व्हिटनी नांवाचा मळा २०१४ पासून लोकांस खुला आहे. तेथें मुख्य कथा मालकाची नसून गुलामांची आहे. शिळांवर त्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत. म्हणजे खरें सांगणें अशक्य नव्हतें, केवळ गैरसोयीचें होतें.

यावर कित्येकांचें म्हणणें असें कीं, त्या काळच्या माणसांस आजचें माप लावूं नये. ठीक, त्यांचेंच माप घेऊं. १८६१ त फुटून निघतांना मिसिसिपीनें आपल्या जाहीरनाम्यांतच आपलें हित गुलामगिरीशीं निगडित असल्याचें सांगितलें. बंडखोर राज्यसंघाचे उपाध्यक्ष स्टीफन्स यांनीं त्याच वर्षीं, वर्णावर्णांतील विषमता हीच नव्या राज्याची कोनशिला, असें सभेंत बजाविलें. शिवाय १८६० त सुमारें ४० लक्ष माणसें दास्यांत होतीं. तीं त्या काळचीं माणसें नव्हतीं काय? त्यांचें माप कां घेऊं नये?

मराठी वाचकास तर अज्ञानाची सबबही नाहीं. जोतीराव फुले यांनीं १८७३ त 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सदाचारी लोकांना. ह्या ग्रंथाच्या भाषेंत वाढलेला गृहस्थ लुइझियानांतून परत येऊन ओक वृक्षांच्या रांगा आणि महोगनीचे पलंग वर्णितो, तेव्हां त्यास रसिक म्हणावें कीं काय म्हणावें, हें आम्हांस सुचत नाहीं.

२०२५ च्या मार्चमधील अध्यक्षीय आदेशानंतर तेथील राष्ट्रीय उद्यानांतल्या फलकांचीही छाननी सुरू झाली. पूर्वजांस कमीपणा आणणारा मजकूर त्यांवर नसावा, हा तिचा उद्देश. फलक बोलेनासे झाले, तर वाटाड्यास विचारावेंच लागेल: गुलामांच्या झोपड्या कोठें होत्या, आणि आज तेथें काय आहे? उत्तर न मिळाल्यास आपल्या प्रवाशानें तिकिटाचे पैसे तरी परत मागावे.