फ्रेंच ताट आणि भूमचा खवा

मुंबईत स्थिरावलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याने मागच्या हिवाळ्यात प्रस्तुत लेखकास आग्रहाने जेवावयास नेले. तो परंडा तालुक्यातला. उपाहारगृह फ्रेंच पद्धतीचे, त्यातही स्वतःस नवसर्जनशील म्हणविणारे. एकामागून एक नऊ पदार्थ आले. प्रत्येक ताट परातीएवढे आणि त्यातला पदार्थ लिंबाएवढा. वाढपी मात्र मोठा बोलका होता. हे लोणी ब्रिटनीचे, हे मीठ गेरांदच्या मिठागरांतले, हे चीज अमुक डोंगरावरच्या गायींच्या दुधाचे, असे तो अदबीने सांगत होता. सहावे ताट शेळीच्या मांसाचे आले आणि तो गप्प राहिला. विद्यार्थ्याने विचारले, ‘ही शेळी कुठली?’ तो आत जाऊन आला आणि म्हणाला, ‘लोकल आहे, सर.’ विद्यार्थी माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, ‘गुरुजी, आपलीच असायची.’

ती आपली होती की नव्हती, हे सांगण्याचा कोणताही मार्ग नव्हता. सात समुद्रांपलीकडच्या मिठाला गाव होते आणि राज्यातल्याच शेळीला नव्हते, ही गोष्ट त्या रात्री मनातून जाईना.

ज्या जिल्ह्यात पाऊस दर दोन-चार वर्षांनी पाठ फिरवितो, तेथील वाचकांनी असल्या चैनीच्या जेवणाची चर्चा कशासाठी वाचावी, असा प्रश्न कोणी विचारील. तो रास्त आहे. त्या रात्रीच्या बिलात एका शेतमजुराचे घर महिनाभर चालले असते आणि ही लाज वाटावी अशीच गोष्ट आहे. तथापि त्या ताटावर नाक मुरडून थांबलो, तर त्यातला जो भाग आपल्या उपयोगाचा आहे तोही हातचा जाईल. तो भाग पाकक्रियेत नाही.

फ्रान्सच्या मध्यभागी दक्षिणेकडे ओब्राक नावाचे पठार आहे. उंच, वाऱ्याचे, विरळ वस्तीचे. तेथे पिकते थोडे. गुरे आणि गवत हीच काय ती संपत्ती. एकोणिसाव्या शतकापासून त्या भागातली माणसे पॅरिसला जात. तेथे कोळसा वाहत, पुढे पुढे लहान कॉफीगृहे चालवीत. आपल्याकडचे तरुण ज्या कारणांनी पुण्याची वाट धरतात, त्याहून ती कारणे फार निराळी नव्हती. पठारावरच्या लायोल गावचे चीज दुसऱ्या महायुद्धानंतर जवळजवळ बुडाले होते. 1960 साली तरुण शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढली आणि पुढच्याच वर्षी त्या चीजला उगमस्थानाच्या नावाचे कायदेशीर संरक्षण मिळाले. संरक्षण म्हणजे नुसता कागद नव्हे. दूध ठरलेल्या दोनच जातींच्या गायींचे, त्यांतली एक ओब्राक, मुरघास वर्ज्य, पठाराबाहेर केलेल्या चीजला ते नाव नाही. या बंधनांनी उत्पादन घटते, हे उघड आहे. पण नाव टिकते, आणि नावाबरोबर भाव.

याच लायोलमध्ये मिशेल ब्रास नावाचा स्वयंपाकी निपजला. पॅरिसच्या कोणत्याही बड्या भटारखान्यात तो शिकला नाही. घरच्या लहानशा हॉटेलात आईच्या हाताखाली शिकला. 1973 साली आंरी गो आणि क्रिस्तियाँ मियो या दोन समीक्षकांनी ‘नव्या फ्रेंच पाककले’चा जाहीरनामा काढला, तेव्हापासून जड सॉसे मागे पडून ताज्या, जवळच्या जिनसांना मान आला होता. ब्रासने हा विचार आपल्या पठारावर आणून लावला. ‘गार्गुयू’ हा त्याचा गाजलेला पदार्थ. मूळचे नाव बटाटे आणि मांसाच्या एका शेतकरी कालवणाचे. त्याने त्यात कोवळ्या भाज्या, रानातला पाला आणि फुले आणली. 1999 मध्ये मिशेलिनचे तीन तारे त्याच्या दारात आले, जगभरचे खवय्ये त्या माळरानावर जाऊ लागले. पुढे 2017 साली त्याच्या मुलाने आमचे नाव यादीतून काढा असे मिशेलिनला कळविले, हाही एक मौजेचा भाग. स्वयंपाक्याची कीर्ती आणि गवळ्याचे नाव यांपैकी एकावाचून दुसरे उभे राहिले नसते, हे मात्र ध्यानात घेतले पाहिजे.

आता बालाघाटच्या पठाराकडे वळू. भूम, वाशी, परंडा, कळंब या पट्ट्यात पावसावरच्या शेतीला दुधाचा आधार आहे. ताजे दूध शहरापर्यंत टिकत नसे, म्हणून भट्टीवर कढई चढली आणि खवा झाला. साधारण पाच लिटर म्हशीच्या दुधाचा किलोभर खवा होतो. तोही आचेसमोर बसून, हात न थांबविता घोटणाऱ्याच्या कष्टाने. भूम तालुक्यातील कुंथलगिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्र. यात्रेकरूंनी या खव्याचे पेढे दूरवर नेले आणि खव्याला क्षेत्राचे नाव लागले. 2024 मध्ये कुंथलगिरीच्या खव्यास भौगोलिक मानांकनही मिळाले.

पण मानांकनानंतर काय? खव्याचे डबे संध्याकाळी गाडीवर चढतात आणि पुण्याच्या वा हैदराबादच्या मिठाईवाल्याकडे पोचताच त्यांचे गाव पुसले जाते. उलट महामार्गावर ज्याला वाटेल तो कुंथलगिरीची पाटी लावतो. 1999 च्या कायद्याप्रमाणे खोट्या मानांकनास सहा महिने ते तीन वर्षे कैद आहे. मात्र नाव कायद्याने वापरावयाचे तर भट्टीवाल्याने स्वतः ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद करून घ्यावी लागते. हे त्याला कोणी जाऊन सांगावयाचे? लायोलमध्ये ते काम संस्थेने केले. कोणते दूध, कोणता चारा हे तिनेच राखले. आपल्याकडे मानांकनाच्या बातमीबरोबर पेढे वाटून झाले आणि प्रकरण मिटले, असा संशय येतो.

शेळीची कथा याहून करुण आहे. उस्मानाबादी ही देशातल्या नोंदणीकृत जातींपैकी एक. बहुधा काळीभोर, काटक, जुळी देणारी, दुष्काळात भूमिहीन बाईचे घर सावरणारी. जिल्ह्याचे नाव 2023 मध्ये धाराशिव झाले, शेळीचे नाव जुनेच राहिले. पशुवैद्य ते नाव जाणतात, संशोधक जाणतात. भोजनपत्रिकेवर ते क्वचितच दिसते. तेथे न्यूझीलंडचे कोकरू नावानिशी नांदते.

आणि दोष केवळ मुंबईकर वाढप्याचा नाही. आपल्या गावच्या लग्नात शेंगोळे आणि ज्वारीची भाकरी वाढावयास आपणच लाजतो आणि पनीरच्या कोणत्याही भाजीला पक्वान्न समजतो. (पनीरही कुठले, ते विचारू नये.) जे आपण पाहुण्यास अभिमानाने वाढीत नाही, त्याचे गाव परक्याने का विचारावे?

हा जिल्हा नेहमीच असा निनावी नव्हता. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात भडोच बंदरात येणाऱ्या मालाचे वर्णन आहे. त्यात तगराहून गाड्यांतून येणाऱ्या कापडाचा उल्लेख गावाच्या नावासह आहे. तगर म्हणजे आपले तेर. त्या ग्रीक व्यापाऱ्याला माल कुठला हे ठाऊक होते.

एक धोका मात्र सांगितला पाहिजे. नाव झाले की भाव चढतो, आणि चढलेला भाव दलालाच्या खिशात थांबला तर भट्टीवाल्यास काही मिळत नाही, शिवाय गावच्या पोराला पेढाही महाग होतो. म्हणून नोंद मालाच्या उगमापाशीच व्हावी. शेळी कोणत्या तालुक्यातली, कोणी वाढविली, कोणत्या बाजारात विकली, एवढे कळले तरी पुढच्या वेळी आत गेलेला वाढपी काही उत्तर घेऊन बाहेर येईल. त्यासाठी मोठी योजना लागत नाही. जनावरांच्या आठवडी बाजारात पावती आजही फाडली जाते. तिच्यावर दोन रकाने वाढवावे लागतील.