शून्य-सोळा : हा पराभव नेमका कोणाचा?

१/
११ ऑक्टोबर २०२२. भुवनेश्वरचे कलिंग स्टेडियम. सतरा वर्षांखालील मुलींच्या फिफा विश्वचषकात यजमान भारताचा पहिला सामना अमेरिकेशी झाला आणि ०-८ असा संपला. तीन दिवसांनी मोरोक्कोकडून ०-३, आणखी तीन दिवसांनी ब्राझीलकडून ०-५. तीन सामने, तीन पराभव. स्वीकारलेले गोल सोळा, केलेला एकही नाही. अशा निकालानंतर दोन वाक्ये हमखास कानी पडतात. एक, ‘मुली कमी पडल्या.’ दुसरे, ‘भारत या खेळात उशिरा आला.’ इतिहासाच्या कसोटीवर ही दोन्ही वाक्ये टिकत नाहीत. ती का टिकत नाहीत, हे सांगणारा हा थ्रेड.

२/
प्रथम ‘उशिरा आला’ या समजुतीचा विचार करावा. त्या गटातल्या ब्राझीलचाच भूतकाळ तिला उत्तर देतो. फुटबॉल म्हटले की ज्या देशाचे नाव प्रथम ओठांवर येते, त्याच देशात १९४१ साली गेतुलियो वार्गास यांच्या राजवटीत एक फर्मान निघाले: स्त्रीच्या प्रकृतीला न मानवणारे खेळ स्त्रियांनी खेळू नयेत. १९६५ मध्ये क्रीडा परिषदेने निषिद्ध खेळांच्या यादीत फुटबॉलचे नाव स्पष्टपणे घातले. ही बंदी उठली ती १९७९ मध्ये. जवळपास चार दशके ब्राझीलमध्ये मुलीने चेंडूला लाथ मारणे हे नियमबाह्य कृत्य होते.

३/
त्याच काळात भारतात काय घडत होते? १९७५ मध्ये लखनौ येथे भारतीय महिला फुटबॉल महासंघ स्थापन झाला आणि महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धाही झाली. जानेवारी १९८० मध्ये केरळातील कोझिकोडने महिलांची आशियाई स्पर्धा भरवली. यजमान या नात्याने भारताने तीत दोन संघ उतरवले आणि त्यांपैकी एक थेट अंतिम सामन्यात पोहोचला. तेथे चिनी तैपेईने, म्हणजे तैवानच्या संघाने, भारताला ०-२ असे हरवले. पुढे १९८३ मध्येही भारत आशियाई उपविजेता ठरला.

४/
या दोन परिच्छेदांतील सनावळ्या शेजारी ठेवून पाहाव्यात. ब्राझीलमध्ये बंदी उठली १९७९ मध्ये; भारताचा महिला संघ आशियात दुसरा आला १९८० मध्ये. शर्यतीच्या आरंभरेषेवर भारत मागे नव्हता, उलट दोन पावले पुढेच होता. म्हणून ‘उशिरा आला’ हे विधान केवळ चुकीचे नाही, ते सोयीचेही आहे. उशीर कोणामुळेच होत नाही, तो आपोआप होतो. त्यामुळे कोणाला जाब विचारावा लागत नाही. प्रत्यक्षात भारतात उशीर झाला नाही. वेळेवर धरलेला धागा मध्येच सुटला.

५/
तो धागा कोठे सुटला? महिला फुटबॉल महासंघ ही वेगळी संस्था होती. पुरुषांचा खेळ चालवणाऱ्या अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने १९९० च्या दशकाच्या आरंभी महिलांच्या खेळाचा कारभार हाती घेतला. कारभार बदलला, पण वर्षभर सामने खेळायला मिळतील अशी राष्ट्रीय लीग उभी राहिली नाही. इंडियन विमेन्स लीगचा पहिला हंगाम खेळला गेला तो २०१७ मध्ये. मधल्या काळात, २००३ नंतर, महिलांचा मुख्य संघ आशियाई चषकाच्या अंतिम टप्प्यासाठी पात्रही ठरू शकला नाही. १९८० च्या खेळाडूंच्या लेकींच्या वयाच्या मुलींना आईच्या पिढीचे यश ठाऊकच नव्हते, मग त्या परंपरेवर उभे राहणे तर दूरच.

६/
आता भुवनेश्वरमधले आठ गोल पाहावेत. अमेरिकेत १९७२ मध्ये ‘टायटल नाइन’ नावाने ओळखला जाणारा कायदा संमत झाला. त्यात फुटबॉलचा उल्लेखही नाही. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगाच्या आधारे भेदभाव करता येणार नाही, एवढेच तो सांगतो. परिणामी शाळा-महाविद्यालयांना मुलींसाठीही मैदाने, प्रशिक्षक आणि शिष्यवृत्त्या यांची सोय करावी लागली. १९९१ चा पहिला महिला विश्वचषक अमेरिकेने जिंकला. २०२२ मध्ये त्या कायद्याला पन्नास वर्षे झाली होती. भारताविरुद्ध खेळलेल्या अकरा मुलींच्या पाठीशी ही अर्धशतकाची व्यवस्था उभी होती. आठ गोल तिनेच केले.

७/
यावर कोणी म्हणेल, अमेरिका श्रीमंत आहे. मग मोरोक्को घ्यावा. तो संघ या वयोगटाच्या विश्वचषकात प्रथमच उतरला होता आणि भारतावरील विजय हा त्याचा स्पर्धेतील पहिलाच विजय होता. मोरोक्कोने २०२० मध्ये महिलांची लीग व्यावसायिक केली. २०२२ मध्ये त्याचा मुख्य महिला संघ आफ्रिकेचा उपविजेता झाला आणि २०२३ च्या विश्वचषकात बाद फेरीत पोहोचला. २०२५ पासून सलग पाच वर्षे मुलींच्या याच विश्वचषकाचे यजमानपदही मोरोक्कोकडे आहे. मोरोक्कोने खऱ्या अर्थाने उशिरा सुरुवात केली, पण सुरू केलेले काम मध्येच टाकून दिले नाही.

८/
आता दुसरे वाक्य: ‘मुली कमी पडल्या.’ येथे वयोगटाच्या संघाचा एक निष्ठुर नियम समजून घ्यावा लागतो. मुख्य संघातील खेळाडूला एक स्पर्धा हुकली तर दुसरी मिळते. सतरा वर्षांखालील संघात मात्र जन्मतारीख हीच सीमा असते. २०१८ मध्ये भूतान येथे दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या पंधरा वर्षांखालील मुलींनी अंतिम सामन्यात बांगलादेशला १-० असे हरवून विजेतेपद मिळवले. मार्च २०१९ मध्ये २०२० च्या विश्वचषकाचे यजमानपद भारताला मिळाले. वयाचा हिशेब अचूक जुळत होता. पंधराव्या वर्षी दक्षिण आशिया जिंकणारी पिढी सतराव्या वर्षी मायदेशात विश्वचषक खेळणार होती.

९/
त्या पिढीच्या तयारीसाठी डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत स्वीडन व थायलंड यांच्यासह तिरंगी स्पर्धा झाली. स्वीडनचे अनुभवी प्रशिक्षक थॉमस डेनरबी यांची नेमणूक झाली होती. मग महासाथ आली. नोव्हेंबर २०२० ची स्पर्धा फेब्रुवारी २०२१ वर ढकलली गेली आणि १७ नोव्हेंबर २०२० रोजी ती रद्दच झाली. भारताला त्याऐवजी २०२२ चे यजमानपद मिळाले. देशाची भरपाई झाली. मुलींची झाली नाही. नव्या स्पर्धेसाठी जन्म २००५ किंवा त्यानंतरचा असणे आवश्यक होते. २००३ आणि २००४ मध्ये जन्मलेल्या मुली एकही सामना न खेळता वयाबाहेर गेल्या. हा पराभव कोणत्याही गुणतक्त्यात नोंदवलेला नाही.

१०/
त्यानंतर आलेल्या मुलींच्या वाट्याला कोणते वर्ष आले? जानेवारी २०२२ मध्ये महिलांचा आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुणे येथे भरला. भारतीय संघात करोनाची लागण पसरली आणि दुसऱ्या सामन्यासाठी पुरेसे खेळाडूही उरले नाहीत. यजमानांनाच स्पर्धेतून बाहेर पडावे लागले. जो सामना होऊ शकला नाही, त्यातील प्रतिस्पर्धी होता चिनी तैपेई, म्हणजे १९८० च्या अंतिम सामन्यातला तोच संघ. बेचाळीस वर्षांनी जमून आलेला तो प्रसंग फारसा कोणाच्या लक्षातही आला नाही. यानंतर डेनरबी यांच्याकडे पुन्हा मुलींचा संघ सोपवण्यात आला. विश्वचषकाला उरले होते जेमतेम आठ महिने.

११/
त्या आठ महिन्यांत तरी शांतता असावी? संघ युरोप दौऱ्यावर असताना लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपावरून सहाय्यक प्रशिक्षकाला माघारी पाठवण्यात आले आणि जुलैच्या आरंभी बडतर्फ करण्यात आले. संघातील मुली अल्पवयीन होत्या, हे येथे विसरता कामा नये. दरम्यान महासंघाची मुदत उलटून गेलेली निवडणूक न झाल्याने सर्वोच्च न्यायालयाने मे महिन्यात प्रशासकांची समिती नेमली होती. ऑगस्टच्या मध्यात फिफाने ‘बाह्य हस्तक्षेपा’चे कारण देऊन भारताला निलंबित केले आणि विश्वचषकच हातून जाण्याची वेळ आली. २६ ऑगस्टला निलंबन उठले. पहिला सामना त्यानंतर साडेसहा आठवड्यांवर होता.

१२/
या संघाची कर्णधार अष्टम उराँव झारखंडच्या गुमला जिल्ह्यातील. विश्वचषकाच्या निमित्ताने तिच्या गावात तिच्या सन्मानार्थ रस्ता बांधायला घेतला गेला आणि त्याच रस्त्याच्या कामावर तिचे आईवडील मजुरी करत असल्याची बातमी देशभर गाजली. या बातमीवर हळहळणे सोपे आहे. परंतु तिच्यातला खरा अर्थ असा, की व्यवस्थेला मुलीची आठवण झाली ती स्पर्धा दारात आल्यावर, आणि तीही समारंभाच्या रूपाने. मुलगी वीस महिने आधी कोणत्या मैदानावर, किती सामने खेळत होती, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नव्हता.

१३/
मग यजमानपद घेऊच नये काय? असा निष्कर्ष घाईचा ठरेल. या विश्वचषकाचा पहिला यजमान, २००८ चा न्यूझीलंड, साखळीतच बाद झाला होता. दहा वर्षांनी, २०१८ मध्ये, त्याच देशाच्या मुलींनी कॅनडाला हरवून तिसरे स्थान मिळवले. ओशनिया विभागातून पात्र ठरणे न्यूझीलंडला तुलनेने सोपे जाते, हे खरे. पण त्याचाच अर्थ असा, की मधल्या प्रत्येक स्पर्धेत मुलींची नवी तुकडी जगाशी खेळली. एकदा पाहुणे बोलावल्याने खेळ वाढत नाही, पुन्हा पुन्हा खेळल्याने वाढतो. भारताच्या मुलांनीही २०१७ मध्ये यजमान म्हणून तिन्ही सामने गमावले होते. त्यात जीक्सन सिंगचा एक गोल होता, एवढाच फरक.

१४/
वयोगटाचा संघ ही पायरी असते. २०२२ चा अंतिम सामना ३० ऑक्टोबरला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. स्पेनने कोलंबियाला १-० असे हरवून सलग दुसऱ्यांदा हा चषक जिंकला. त्याआधीच्या, २०१८ च्या विजेत्या संघात साल्मा पारायुएलो होती. तीच २०२२ मध्ये वीस वर्षांखालील विश्वविजेती झाली आणि २०२३ मध्ये मुख्य विश्वचषकही तिने जिंकला. पाच वर्षांत तीन पायऱ्या. भारतात तळाची पायरी असते, वरचीही असते. त्यांना जोडणारा जिना कधी असतो, कधी नसतो.

१५/
म्हणूनच ऑक्टोबर २०२५ ची नोंद अधिक मोलाची. किर्गिझस्तानच्या बिश्केकमध्ये भारताच्या सतरा वर्षांखालील मुलींनी आधी यजमानांना २-१ असे हरवले. मग उझबेकिस्तानविरुद्ध पिछाडीवरून २-१ असा विजय मिळवला आणि २०२६ च्या आशियाई चषकात स्थान मिळवले. या चषकात भारत २००५ मध्ये खेळला होता. पात्रता फेरी जिंकून मात्र तो तेथे प्रथमच पोहोचला. त्याच वर्षी वीस वर्षांखालील संघाने म्यानमारला आणि मुख्य संघाने थायलंडला त्यांच्याच मायभूमीवर नमवून आपापल्या आशियाई स्पर्धा गाठल्या. एकाच वर्षी तिन्ही पायऱ्यांवर भारत उभा राहिला, आणि यातली एकही जागा यजमान म्हणून मिळालेली नव्हती.

१६/
भुवनेश्वरचा संघ दिमाखदार रोषणाईत हरला, बिश्केकचा संघ फारशा गाजावाजाविना जिंकला. इतिहासाने यांतले काय जपावे? उत्तर असे, की दोन्ही, पण योग्य नावाने. ०-१६ ही सतरा वर्षांच्या मुलींची नव्हे, १९८० च्या यशाची जपणूक न करणाऱ्या संस्थांची धावसंख्या आहे. बिश्केकच्या मुली वीस वर्षांच्या होतील तेव्हा त्यांना वर्षाकाठी किती सामने मिळतात, यावर पुढचा निकाल ठरेल.

१७/
एक काम मात्र महासंघाची वाट न पाहता करता येईल. कोझिकोडच्या त्या अंतिम सामन्याच्या पिढीतील खेळाडू आज साठीच्या पुढे-मागे आहेत. त्यांच्या आठवणी, छायाचित्रे, जपून ठेवलेली कात्रणे अनेक घरांत असतील आणि हळूहळू नष्टही होत असतील. इतिहासाची आवड असलेल्या तरुणांनी आपल्या जिल्ह्यात अशा खेळाडू शोधाव्यात, त्यांच्याशी बोलावे, ते ध्वनिमुद्रित करावे. तुटलेला धागा पुन्हा जोडायचा असेल, तर त्याचे दुसरे टोक कोठे आहे हे आधी ठाऊक हवे.

(समाप्त)