गाढवाच्या शिळेची गोष्ट

ट्रॉम्बे म्हटले की डोळ्यांपुढे येते ती अणुभट्टी. ऑगस्ट १९५६ मध्ये 'अप्सरा' इथे सुरू झाली आणि जुन्या तुर्भे गावाचे नाव भविष्यकाळाशी जोडले गेले ते कायमचेच. समोर पाण्यापलीकडे घारापुरी. ती भूतकाळाच्या खात्यात. सहल काढायची तर तिकडे, नोकरी करायची तर इकडे, अशी आपण सोयीस्कर वाटणी करून टाकली आहे.

ही वाटणी खरी नाही. आज जिथे आपले सात-सात मजले उभे आहेत, ती साष्टी शिलाहारांच्या काळातही भरगच्च नांदत होती. 'षट्षष्टी' हे तिचे जुने नाव. सहासष्ट गावांचा मुलूख. शिलाहार राजा अपरादित्याचा शके ११०८, म्हणजे इ. स. ११८७ चा एक शिलालेख परळला सापडला. त्यात याच षट्षष्टीतल्या महवली गावच्या बागेच्या उत्पन्नातून देवाला दिलेल्या दानाची नोंद आहे. हे महवली म्हणजे आपल्या कुर्ल्याजवळचे, असे अभ्यासक सांगतात. लेख संस्कृत, शेवटच्या ओळी मात्र मराठी. आणि त्या ओळींत आहे चक्क शिवी!

या प्रकारच्या शिळेला 'गद्धेगाळ' म्हणतात. वरच्या अंगाला चंद्र आणि सूर्य, म्हणजे ते आकाशात आहेत तोवर हे दान चालावे. मध्ये मजकूर. खाली एक गाढव आणि एक स्त्री. जो हे दान मोडील त्याच्या आईची अशी विटंबना होईल, हा त्या चित्राचा अर्थ. रविवारच्या पुरवणीत याहून उघड लिहिता येत नाही. शिलाहारांना असला संकोच नव्हता. राजाज्ञा संस्कृतात चालेल, पण धमकी लोकांना कळायला हवी, म्हणून ती मराठीत, आणि ज्याला अक्षरओळख नाही त्याच्यासाठी चित्रात. कायद्याची भाषा लोकांना समजावी, ही काळजी आजच्या किती सरकारी फलकांवर दिसते? (अर्थात शापाचे सगळे ओझे एका निरपराध बाईवर, हे मात्र तेव्हाही अन्यायाचेच होते.)

असल्या शिळा केवळ राजधानीत नसतात. त्या शेताच्या बांधावर, देवळाच्या आवारात, पाणवठ्याशी असतात. शहर वाढले तशा त्या चाळींच्या आणि वसाहतींच्या पोटात गेल्या. २०१५ च्या सुमारास मुंबई विद्यापीठाचा बहिःशाल शिक्षण विभाग आणि पार्ल्याचे साठ्ये महाविद्यालय यांच्या अभ्यासकांनी साष्टी पायी पिंजून काढली, तेव्हा गद्धेगाळ, वीरगळ, देवळांचे सुटे अवशेष पदोपदी भेटले. बोरिवलीजवळच्या एकसरचे वीरगळ तर प्रसिद्धच आहेत. त्यांवर वल्ह्यांची जहाजे आणि समुद्रावरचे युद्ध कोरले आहे. यादव महादेव आणि शेवटचा शिलाहार सोमेश्वर यांच्यातली, इ. स. १२६५ च्या सुमाराची ही लढाई असावी, असे अनेक अभ्यासकांचे मत. सोमेश्वर त्यात बुडाला. महाराष्ट्रातल्या इतक्या जुन्या आरमारी लढाईचे चित्र पाहायला लोकलचे तिकीट पुरते, आणि आपण मुलांना घेऊन मॉलमध्ये जातो.

अशा दगडांना शेंदूर फासलेला दिसला की सुशिक्षित माणूस नाक मुरडतो. मला ते पटत नाही. शेंदराखाली अक्षरे बुजतात हे खरे, आणि एखाद्या जागी गद्धेगाळ अशुभ मानून उपडी घातली जाते हेही खरे. पण ज्या दगडापुढे रोज सकाळी एक फूल पडते, तो दगड कंत्राटदाराला सहजासहजी डंपरमध्ये टाकता येत नाही. पुरातत्त्व खात्याच्या यादीत नसलेल्या कितीतरी शिळा आजवर तरल्या त्या त्यांना देव मानणाऱ्या म्हाताऱ्या बायकांमुळे.

'उचला आणि संग्रहालयात ठेवा' हा उपायही दर वेळी शहाणपणाचा नसतो. घारापुरीचे नाव ज्यावरून 'एलिफंटा' पडले, तो दगडी हत्ती १८६४ साली विलायतेला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना त्याचे तुकडे झाले. ते मुंबईला आणून पुढे जोडले, आणि हत्ती आता राणीच्या बागेत उभा आहे. बेटाला नाव देणारा हत्तीच बेटावर नाही. हलवलेला दगड शाबूत राहिला तरी 'ही जमीन कोणाची' हे सांगणारी त्याची जागा हरवते.

मोठे शोध नेहमी पंडितांनाच लागतात असेही नाही. दायमाबादची काशाची प्रसिद्ध चित्रे, म्हणजे हत्ती, गेंडा, रेडा आणि रथ, १९७४ साली सापडली ती झाडाचे मूळ खणणाऱ्या एका गावकऱ्याला. आज उपनगरांत सर्वाधिक खणतो कोण? पुनर्विकासवाला. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत पुरलेले, दहा रुपयांहून जास्त किमतीचे काही सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. पण बांधावर उघड्या पडलेल्या शिळेला हा कायदा शोधत येत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. पालिकेच्या प्रत्येक विभाग कार्यालयाने आपल्या हद्दीतल्या अशा दगडांची छायाचित्रांसह नोंदवही करावी, आणि पाडकामाची परवानगी देण्यापूर्वी ती उघडून पाहावी. सोसायट्यांनी दगड आवारातच, शक्यतो मूळ जागी, छप्पर घालून ठेवावा. शेजारी मराठीत चार ओळींची पाटी लावावी. पूजा चालत असेल तर चालू द्यावी. फक्त तेल-शेंदूर अक्षरांवर नको, एवढे पूजा करणाऱ्या आजींना समजावून सांगावे. त्या ऐकतील. कंत्राटदाराशी कोण बोलणार, ते मात्र सोसायटीच्या पुढच्या सभेत ठरवायला हवे.